‘भामटा’ हा शब्द बातम्यांमधून काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात निघणाऱ्या जवळजवळ सगळ्याच मराठी पेपरांत शहराच्या पानावर एक शब्द सारखा दिसतो, आणि त्यात आपला पेपरही आला. भामटा. ज्येष्ठ महिलेचे दागिने भामट्याने लांबवले, नोकरीच्या आमिषाने भामट्यांनी लाखो उकळले, केवायसीच्या नावाखाली भामटेगिरी, अशी हेडिंगं. हा शब्द आपल्या पेपरने बंद करावा एवढी एकच मागणी करायला मी हे पत्र लिहितेय, आणि का बंद करावा ते जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण नुसतं ‘भावना दुखावतात’ असं म्हटलं की लोक पुढचं वाचतच नाहीत.

भामटा हे महाराष्ट्रातल्या एका जातीचं नाव आहे. राज्य सरकारची विमुक्त जातींची, म्हणजे फॉर्मवर आपण वि.जा. (अ) लिहितो त्या प्रवर्गाची, यादी काढून बघा, त्यात मूळ १४ जाती आहेत. बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. म्हणजे भामटा हे नाव एकदा एकटं आहे आणि एकदा राजपूत भामटा असं जोडून आहे. या प्रवर्गाला ३ टक्के आरक्षण आहे, त्याचे दाखले निघतात, त्या दाखल्यावर सरकारी शिक्का असतो आणि त्यावर स्वच्छ अक्षरात तोच शब्द छापलेला असतो जो तुम्ही चोराला वापरता.

मी नारायण पेठेत अभ्यासिका चालवते. एमपीएससीची आणि पोलीस भरतीची पोरं बसतात, बरीचशी खानदेश मराठवाड्यातली, काही सोलापूर उस्मानाबादकडची (आता धाराशिव). त्यांच्याकडे पेपर म्हणजे टाइमपास नाही, ते पेपर कोळून पितात, पेन घेऊन बसतात, अग्रलेखाखाली रेघा मारतात, कात्रणं काढतात. त्यातला एक मुलगा जळगावकडचा. भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरताना जातीचा दाखला अपलोड होत नव्हता म्हणून माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करायला आला, फाइलची साइज कमी करायची होती, स्कॅन स्क्रीनवर मोठा करून ठेवला होता. मागून दुसरा एक पोरगा पाणी प्यायला आला, त्याने तो वाचला आणि मोठ्याने म्हणाला, अरे तू भामटा आहेस होय, कागदावर पण! सगळी हसली. हा पण हसला. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली आणि काम होईपर्यंत ती तशीच ठेवली. नंतर दोन-तीन दिवसांनी त्याच टेबलावर पेपर पडला होता, त्यात भामटा असं मोठ्या टाइपात हेडिंग होतं, आणि कुणीतरी त्या शब्दाभोवती पेनाने गोल करून तो पेपर या मुलाच्या डेस्कवर ठेवला. पोरं वाईट नाहीयेत हो, मी त्यांना ओळखते, एकमेकांच्या डब्यातलं खातात, एकमेकांची फी भरतात. पण त्यांच्या हातात ती मस्करी दिली कोणी? त्यांनी तो शब्द कुठे वाचला होता? रोज सकाळी माझ्याच अभ्यासिकेत येणाऱ्या पेपरात.

आता कोणी म्हणेल की ही जात मुळात चोऱ्या करायची म्हणून शब्दाला तो अर्थ आला, इतिहास आहे तो, त्याला काय करणार. तर तो इतिहास कोणी लिहिला ते पण बघू या ना. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासकट सगळीकडे लागू करायची सोय झाली, १९२४ ला परत नव्याने केला. त्यात माणसाने गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता, जन्म कुठल्या घरात झाला एवढं पुरायचं. नावनोंदणी, बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे नाहीतर ठाण्यात हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत केली होती, आजही तिथे त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. त्या काळात इंग्रज पोलीस अधिकाऱ्यांनी या इलाख्यातल्या ‘गुन्हेगार’ जातींवर जाडजूड पुस्तकं लिहिली, कुठली जात कशी दिसते, काय कपडे घालते, कुठे आणि कशी चोरी करते, एखाद्या पक्ष्याची माहिती लिहावी तसं. भामटा म्हणजे गर्दीत, प्रवासात, रेल्वेत चोऱ्या करणारा, ही जी आपल्या डोक्यात बसलेली प्रतिमा आहे ना, ती पक्की करण्यात त्या पोलिसी कागदांचा मोठा हात आहे.

देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात आणि म्हणून त्या जातींना विमुक्त म्हणतात. लगेच पुढे १९५९ साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, नंतर त्यासाठीच इदाते आयोग झाला, दोन्हींचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले, दोघांनीही देशभर फिरून हेच सांगितलं की हा कलंक कायद्यातून गेला पण समाजातून गेला नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवरचे नियम रद्द केले, त्यात विमुक्त जातींना सवयीचे गुन्हेगार धरण्याबद्दल पण स्पष्ट बोललेत. आमच्या पोरांना हा निकाल चालू घडामोडीत पाठ करावा लागतो. एका पानावर तो निकाल आणि पलटलं की शहराच्या पानावर भामटा. हे एकाच पेपरात, एकाच दिवशी होऊ शकतं, होतं.

या शब्दावरून आपल्या राज्यात राजकारणही झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. २०२३ मध्ये राजपूत भामटा यातला भामटा शब्द काढून टाकू अशी घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केली, आणि त्यावर विमुक्तांमधल्याच बाकीच्या समाजांनी, विशेषतः बंजारा समाजाने, जोरात विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की शब्द काढला की नुसतं राजपूत उरतं आणि मग जे कधीच विमुक्त नव्हते ते पण त्या ३ टक्क्यांत शिरतील. त्यांची भीती खरी आहे, खोट्या दाखल्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. मला त्या वादात इथे शिरायचं नाही. पण त्यातनं एक गोष्ट कळते, ती म्हणजे या लोकांना नाव टाकता येत नाही. नाव टाकलं तर हक्क जातो, ठेवलं तर रोज पेपरात शिवी वाचायची. सरकारला हे सोडवायला जीआर लागेल, कमिटी लागेल, कोर्टात जावं लागेल. पेपरला काहीच लागत नाही, उपसंपादकाने दुसरा शब्द टाइप करायचा, बास.

‘आता तो अर्थ रूढ झालाय, कोणाच्या मनात जात नसते’ हे उत्तर मला दोन-तीन जणांनी दिलं, त्यात एक जुने पत्रकार पण आहेत. त्यांच्या मनात नसेल, मान्य. आई पण पोराला लाडाने म्हणते, काय भामटा आहेस रे, तिच्या मनात तर मुळीच नसते. पण ज्याच्या दाखल्यावर ते लिहिलंय त्याच्या मनात असतेच ना, त्याला विसरायची सोयच नाही, कॉलेज प्रवेशाला दाखला, स्कॉलरशिपला दाखला, भरतीला दाखला, मग जात पडताळणी, तिथे वडलांचा, आजोबांचा पुरावा. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे यावरच सगळं ठरवायचं तर मग आपण बाकीचे शब्द का सोडले? हरिजन म्हणायचं सोडलं, अपंगांना दिव्यांग लिहायला लागलात, २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनीच स्वागत केलं होतं. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत पण साफ म्हटलंय की ज्यातून एखाद्या जातीला कमीपणा येईल किंवा एखादं वाईट वागणं त्या जातीला चिकटेल असा जातीचा उल्लेख टाळावा. भामटा या शब्दात तर जात आणि वाईट वागणं दोन्ही एकत्रच येतं.

अजून एक, या लोकांना ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाही. तो कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे, विमुक्त जाती त्यात येत नाहीत (कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त, म्हणजे जिल्हा बदलला की संरक्षण गेलं, हा एक वेगळाच घोळ). म्हणजे कायद्याचा धाक नाही म्हणून शब्द चालू आहे असं दिसतं, आणि ते मला जास्त लागतं.

आता दुसरी बाजू, जी मला वाचक म्हणून तितकीच महत्त्वाची वाटते. भामटा हा शब्द बातमीला काहीही उपयोगाचा नाही. त्याने काही कळतच नाही.

आमच्या शेजारच्या काकू सकाळी देवळातून येत होत्या. रस्त्यात एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, पायात काळे बूट, गळ्यात आयकार्ड, स्वच्छ मराठी. म्हणाला, मावशी, मी पोलीस आहे, पुढे गडबड झालीय, काल एका बाईंना लुटलंय, तुम्ही एवढे दागिने घालून कशाला फिरताय, काढा आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवा. तेवढ्यात दुसरा एक जण आला, त्याला पण त्याने दरडावलं, त्याने घाबरून आपली चेन काढून दिली, साहेबाने ती कागदात गुंडाळून त्याला परत केली. ते बघून काकूंनी पण बांगड्या आणि मंगळसूत्र काढलं. त्याने स्वतः रुमालाला गाठ मारून दिली. घरी येऊन उघडलं तर दगड आणि दोन काचेच्या बांगड्या. हा सगळा प्रकार पुण्यात वर्षानुवर्षं चालूय, कोथरूडला होतो, सहकारनगरला होतो, औंधला होतो, पद्धत तीच, रुमाल तोच. दुसऱ्या दिवशी बातमी आली चार ओळींची, भामट्याने महिलेचे दागिने लांबवले. बास. आता ही बातमी दुसऱ्या एखाद्या काकूंनी वाचली तर त्यांना काय कळलं? त्यांच्या डोळ्यापुढे भामटा म्हणजे कोणीतरी मळकट, इकडेतिकडे बघणारा, गर्दीत घुसणारा माणूस येणार, त्यांच्या वाटेत येणार इस्त्रीचा शर्ट आणि आयकार्ड. त्या सावध होणारच नाहीत. तेच जर हेडिंगमध्ये ‘तोतया पोलीस’ लिहिलं असतं तर अर्धी युक्ती हेडिंगमध्येच कळली असती.

आणि तोतया हा काय सुंदर नेमका शब्द आहे बघा, पुण्याला तर तो नव्याने शिकवायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, किल्ले त्याच्या हाती आले, पेशवाईला घाम फुटला आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून मारलं. तोतयाचं बंड म्हणतात ते हेच. त्या शब्दात कोणाची जात नाही, फक्त त्या माणसाने काय केलं ते आहे, दुसऱ्याचं सोंग घेतलं. कायद्यात पण तो गुन्हा वेगळा आहे, तोतयेगिरी, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१९. फसवणूक वेगळी, ती ३१८, ज्याला आपण जन्मभर चारसोबीस म्हणत आलो ते १ जुलै २०२४ पासून ३१८ (४) झालं. विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे खाल्ले तर तो विश्वासघात, ३१६. सोसायटीच्या सेक्रेटरीने मेंटेनन्सचे पैसे खाल्ले तर तो अपहार करतो, फोनवर सीबीआय ऑफिसर बनून डिजिटल अरेस्टची भीती घालणारा तोतया आहे आणि खंडणीखोर पण आहे (आणि डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाहीच, हे प्रत्येक बातमीत एका ओळीत लिहायला काय हरकत आहे), व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेऊन खोट्या ॲपवर शेअरचा नफा दाखवणारा ठग आहे, बसमध्ये बांगडी कापणारा नुसता चोर आहे, त्याने कोणाला फसवलेलंच नाही. ही सगळी वेगवेगळी माणसं आणि वेगवेगळ्या युक्त्या. त्या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की वाचकाच्या हाती काही लागत नाही.

हेडिंगला जागा कमी असते, छोटा शब्द लागतो, हे पण ऐकलंय. ठग दोन अक्षरी आहे. ठक दोन अक्षरी आहे. चोर दोन अक्षरी. तोतया तीन, भामटा पण तीन. लबाड, लुच्चा, लफंगा, ठकसेन, बिलंदर, दगाबाज, कपटी, भोंदू, यातला प्रत्येक शब्द वेगळा रंग घेऊन येतो. भोंदू म्हणजे देवाधर्माच्या नावावर, दगाबाज म्हणजे आपलाच माणूस उलटला, बिलंदर म्हणजे हिकमती. मराठी या बाबतीत गरीब नाहीये, उलट फसवण्याला आपल्याकडे एवढे शब्द आहेत की रोज वेगळा वापरला तरी पुरतील. आणि काहीच नको असेल तर ‘आरोपी’ हा शब्द आहेच, कोर्टात सिद्ध होईपर्यंत तर खरा तोच बरोबर.

याच ओघात बेरड आणि कैकाडी या शब्दांकडे पण बघा. बेरडपणा, बेरड माणूस असं कोडग्या माणसाला आपल्या लेखांमधून सर्रास येतं, राजकीय लेखांत तर जास्तच, आणि भांडखोर बाईला कैकाडीण म्हणणं कथांमधून, विनोदी सदरांमधून अजून गेलेलं नाही. दोन्ही त्याच १४ च्या यादीतली नावं आहेत. कोडगा, निर्लज्ज, निगरगट्ट हे शब्द काय कमी पडतात का?

आणि ‘गंडा’ बद्दल थोडंच. ज्येष्ठाला २० लाखांचा गंडा, डॉक्टरला चुना, आयटी इंजिनिअरला टोपी. याच्यात जात नाही पण फसलेला माणूस वेडा ठरतो. आमच्या काकूंनी तक्रार द्यायला पूर्ण एक दिवस लावला, मुलगा ओरडेल, लोक हसतील म्हणून. सायबरच्या केसमध्ये तर असा एक दिवस गेला की पैसे गेलेच, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर निदान खातं गोठवता येतं. ‘फसवणूक’ एवढं लिहिलं की दोष फसवणाऱ्याकडे राहतो.

आपल्या डेस्कवर शुद्धलेखनाची, नावांच्या लेखनाची एक यादी असणार, प्रत्येक पेपरची असते. त्यात भामटा, भामटेगिरी, बेरड, बेरडपणा, कैकाडीण हे शब्द गुन्ह्याच्या किंवा टीकेच्या अर्थाने वापरू नयेत अशी एक ओळ टाका. जिथे जातीचं नाव म्हणूनच लिहायचंय, आरक्षणाची बातमी, विमुक्त दिनाची बातमी, तिथे अर्थातच लिहा, तिथे ते नाव सन्मानाने यायलाच हवं. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या प्रेसनोटमध्ये पण कधीकधी हाच शब्द असतो, तो तसाच कॉपी पेस्ट होऊन येतो असं दिसतं, तेव्हा बातमीदारांनाही सांगावं लागेल.

पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर काकूंचा प्रसंग कापा, यादीचा परिच्छेद कापू नका. आणि छापायला जागाच नसेल तरी शहराच्या पानाची हेडिंगं जो कोणी करतो त्याच्या टेबलावर हे पत्र नक्की पोचवा.

आपली,
एक नियमित वाचक
नारायण पेठ, पुणे